प्रस्तावना : आजारी न पडणारा उंदीर

अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांना लाइम रोगाचे निदान होऊन उपचार दिले जातात, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. एवढा पसरलेला हा आजार, पण माणसाकडून माणसाला तो होत नाही. खोकल्यातून, पाण्यातून, स्पर्शातून त्याचा प्रसार होत नाही. उद्या पृथ्वीवरून माणूस नाहीसा झाला तरी या रोगाच्या जिवाणूचे काहीही अडणार नाही. गोचीड, उंदीर, हरीण आणि जिवाणू यांचा व्यवहार फार जुना आहे आणि माणसावाचून तो बिनबोभाट चालतो. ज्या पांढऱ्या पायांच्या उंदराच्या अंगात हा जिवाणू जन्मभर मुक्काम करतो, त्या उंदराला ना ताप येतो, ना त्याचे सांधे सुजतात. आजारी पडतो तो वाटेत आलेला माणूस.

रोगाविषयी बोलायचे म्हटले की आपण आधी गुन्हेगार शोधतो. मलेरिया म्हटले की डास, प्लेग म्हटले की उंदीर. लाइमच्या बाबतीत ही सवय पदोपदी आड येते. जिवाणू विष सोडत नाही. गोचीड अंड्यातून बाहेर येते तेव्हा तिच्यात हा जिवाणू नसतो. उंदीर ठणठणीत असतो. हरणाच्या रक्तात तर जिवाणू टिकतच नाही. तरीही हे चौघे एका रानात आले की रानाशेजारच्या घरातल्या मुलाचा गुडघा टम्म सुजतो. हा रोग चौघांच्या आपसातल्या संबंधांतून घडतो, आणि ते संबंध कुठे जुळून येतात हे आपण जमिनीचे काय केले यावर बरेचसे ठरते. एवढे एक म्हणणे वाचकाला पटावे, यासाठी पुढची सगळी प्रकरणे आहेत.

रोगाला नाव मिळाले ते कनेटिकट राज्यातल्या गावावरून. कनेटिकट नदी समुद्राला मिळते तिथे लाइम, ओल्ड लाइम आणि ईस्ट हॅडम ही झाडीत वसलेली गावे आहेत. १९७५ मध्ये पॉली मरे या तिथल्या गृहिणीने राज्याच्या आरोग्य खात्याला कळवले की, आमच्या भागातल्या बऱ्याच मुलांचे सांधे सुजताहेत आणि डॉक्टर त्याला लहान मुलांचा संधिवात म्हणताहेत. दुसऱ्या एका आईनेही तशीच तक्रार केली. मुलांचा संधिवात विरळा. तो एकाच आळीत चार घरी निघतो, हे काही पटण्यासारखे नव्हते. येल विद्यापीठातले तरुण संधिवाततज्ज्ञ ॲलन स्टीअर कामाला लागले. १९७७ मध्ये त्यांच्या गटाने ५१ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांत ३९ मुले होती. बहुतेकांचे दुखणे उन्हाळ्यात किंवा उन्हाळा सरता सरता सुरू झालेले, घरे गर्द झाडीत, आणि ५१ पैकी १३ जणांना सांधे सुजण्याच्या आधी कातडीवर पसरत जाणारा लाल चट्टा उठल्याचे आठवत होते. हा चट्टा युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्या ओळखीचा. स्वीडनमधले आर्विड आफझेलिउस यांनी १९०९ मध्येच त्याचे वर्णन केले होते आणि त्याचा संबंध गोचीड चावण्याशी जोडला होता. मग नदीच्या दोन्ही काठांवर गोचिडी गोळा करून मोजल्या गेल्या. ज्या काठावर रुग्ण जास्त, त्याच काठावर गोचिडीही कितीतरी जास्त निघाल्या.

जंतू सापडायला १९८१ साल उजाडले, आणि तो सापडला दुसरेच काही शोधताना. मोंटाना राज्यातल्या हॅमिल्टन या छोट्या गावी रॉकी माउंटन प्रयोगशाळा आहे. मूळचे स्वित्झर्लंडचे विली बर्गडॉर्फर तिथे आयुष्यभर गोचिडींवर काम करत होते. न्यूयॉर्क राज्यातल्या शेल्टर बेटावरून त्यांच्याकडे गोचिडी आल्या होत्या आणि त्यांत ते ठिपक्यांच्या तापाचा जंतू पाहत होते. पद्धत ठरलेली : गोचिडीच्या पायाचे टोक कापायचे, तिथून झिरपलेला थेंब काचपट्टीवर घ्यायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. दोन गोचिडींच्या थेंबात सूक्ष्म कृमी दिसले, म्हणून बर्गडॉर्फर यांनी त्यांची आतडी उघडून पाहिली. तिथे कृमी नव्हते; फिकट रंग घेतलेले, वेडेवाकडे पीळ असलेले लांबट धागे होते. दुसऱ्या कुणी ते कचरा समजून सोडून दिले असते. बर्गडॉर्फर यांनी तरुणपणी बाझेलला डॉक्टरेट केली होती ती गोचिडीतल्या अशाच मळसूत्री जिवाणूंवर, त्यामुळे त्यांची नजर तिथेच थबकली. तपासलेल्या १२६ गोचिडींपैकी ७७ मध्ये हे धागे निघाले, आणि लाइमच्या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडे या धाग्यांना जाऊन चिकटली. १९८२ मध्ये हा शोध ‘सायन्स’मध्ये छापून आला. दोन वर्षांनी जिवाणूचे नाव ठरले – बोरेलिया बर्गडॉर्फेरी.

इथून पुढे या पुस्तकाचा खरा विषय सुरू होतो. आधी गोचीड.

आपल्याकडच्या गुरांना लागणारी सर्वसाधारण गोचीड बाळपणापासून म्हातारपणापर्यंत एकाच जनावराच्या अंगावर राहते. लाइम पसरवणारी, काळ्या पायांची इक्सोडिस गोचीड तशी नाही. साधारण दोन वर्षांच्या आयुष्यात ती फक्त तीनदा जेवते आणि दर वेळी निराळ्या प्राण्यावर. सहा पायांची लार्व्हा, आठ पायांची निम्फ आणि शेवटी प्रौढ मादी, अशी प्रत्येक अवस्था एकदाच रक्त पिते आणि गळून पडते. प्रौढ नर जवळजवळ पीतच नाही. या तीन जेवणांवर सगळा रोग उभा आहे. लार्व्हा उंदराचे रक्त पिते तेव्हा जिवाणू तिच्यात शिरतो. ती कात टाकून निम्फ होते आणि पुढच्या जेवणात तो दुसऱ्या प्राण्याला देते. जेवणे दोनच असती तरी चालले असते, एकच असते तर लाइम रोग नसता.

निम्फ दिसायला खसखशीच्या दाण्याएवढी. ती उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून टपकतही नाही. गवताच्या पात्याच्या किंवा पाचोळ्याच्या कडेला मागचे पाय रोवून, पुढचे दोन पाय पसरून ती ताटकळत बसते. त्या पुढच्या पायांवर एक सूक्ष्म खळगा असतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास, अंगाची ऊब तिला तिथे कळते. कुणी घासून गेले की ती त्याला धरते, आडोशाची जागा शोधत वर सरकते. मग कातडी कापून, उलट्या काट्यांची सोंड आत घुसवते आणि तीन-चार दिवस तिथेच राहते. एवढा वेळ अंगात रुतून बसायचे आणि यजमानाला पत्ता लागू द्यायचा नाही, हे तिला साधते लाळेमुळे. लाळेत रक्त गोठू न देणारी द्रव्ये असतात, खाज आणि सूज दाबणारी असतात, जखमेभोवती धावून येणाऱ्या पेशींना थोपवणारीही असतात. रोग झालेल्या पुष्कळ माणसांना गोचीड चावल्याचे आठवतच नाही, ते यामुळे.

जिवाणू या लाळेचा फायदा उचलतो. उपाशी निम्फच्या आतड्यात तो थोड्या संख्येने, जवळजवळ निपचित पडून असतो. त्याच्या अंगावर ओस्प-ए नावाचे प्रथिन असते. ते त्याला आतड्याच्या अस्तराशी धरून ठेवते. निम्फने तोंड लावले, गरम रक्त आत आले, की उष्णता आणि आम्लतेतल्या बदलाने जिवाणू जागा होतो, वाढू लागतो, ओस्प-ए कमी करतो आणि ओस्प-सी नावाचे दुसरे प्रथिन अंगावर चढवतो. आतड्यातून सुटून तो लाळग्रंथीत येतो. तिथे गोचिडीच्या लाळेतले साल्प-१५ हे प्रथिन ओस्प-सीला चिकटते आणि यजमानाच्या अंगात शिरताना जिवाणूचे रक्षण करते. या सगळ्या तयारीला वेळ लागतो. म्हणूनच चावल्यावर पहिल्या चोवीस तासांत लाइमचा संसर्ग सहसा होत नाही. धोका त्यानंतर वाढत जातो.

जिवाणू म्हणून बोरेलिया विचित्रच आहे. १९९७ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा दिसले की त्याचे मुख्य गुणसूत्र इतर बहुतेक जिवाणूंसारखे गोल नसून सरळ आहे आणि सोबत वीसेक छोट्या-मोठ्या प्लाझ्मिडांचा गोतावळा आहे. अमिनो आम्ले, मेदाम्ले, जनुकांचे घटक यांतले जवळजवळ काहीच त्याला स्वतः बनवता येत नाही. सगळे यजमानाकडून घ्यायचे. बहुतेक जंतूंना लोह लागते आणि आपले शरीर ते लपवून त्यांची उपासमार करते. बोरेलियाने लोहच सोडले, तो मँगॅनीजवर भागवतो. त्याची शेपटे बाहेर लोंबत नाहीत, दोन आवरणांच्या मध्ये बसवलेली असतात, त्यामुळे अख्खे अंग पिळवटत तो दाट ऊतींतून वाट काढतो. अंगावरच्या एका प्रथिनाचे रूप तो सतत बदलत राहतो, आणि प्रतिपिंडे तयार होईपर्यंत त्यांचे लक्ष्य पालटलेले असते. आपल्याला जे भोगावे लागते ती आपल्याच शरीराने त्याच्याविरुद्ध पेटवलेली सूज असते. उंदराचे शरीर ही सूज पेटवत नाही, जिवाणूला राहू देते. आजारी माणूस आणि ठणठणीत उंदीर यांतला फरक मुख्यतः एवढाच.

यजमानांचा भाग मला सगळ्यांत रोचक वाटतो, म्हणून त्याला पुस्तकात तीन प्रकरणे दिली आहेत. पांढऱ्या पायांचा उंदीर जिवाणूचे कोठार. त्याला चावलेल्या लार्व्हांपैकी बहुतेक जिवाणू घेऊनच उतरतात. ईशान्य अमेरिकेतले वेळापत्रकही जिवाणूच्या पथ्यावर पडणारे आहे : गेल्या वर्षीच्या निम्फ मे-जूनमध्ये जेवायला निघतात आणि उंदरांना जिवाणू देऊन ठेवतात, या वर्षीच्या लार्व्हा ऑगस्टच्या सुमारास निघतात आणि त्याच उंदरांकडून तो घेतात. दोन पिढ्यांची कधी गाठ पडत नाही, तरी वारसा पोचतो.

हरणाची भूमिका निराळी. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे रक्त जिवाणूला मारते, त्यामुळे हरणाकडून कोणत्याही गोचिडीला लाइम मिळत नाही. पण प्रौढ मादीला शेवटच्या जेवणासाठी मोठे जनावर लागते, आणि एका हरणावर पोटभर जेवलेली मादी दोन हजारांच्या आसपास अंडी घालते. उंदीर जिवाणू पुरवतो, हरीण गोचिडी पुरवते. मेन राज्यातल्या मॉनहेगन बेटावर १९९० च्या दशकात सगळी हरणे हटवली, तेव्हा काही वर्षांत तिथल्या गोचिडी जवळजवळ संपल्या. बेटावर हे जमले. अख्ख्या राज्यात ते कोण करणार आणि कसे, हा प्रश्न उरतोच.

त्यातही सरळ हिशेब चालत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या मिलब्रुक इथल्या कॅरी संस्थेत रिचर्ड ऑस्टफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे रानाची नोंद ठेवली. ओकच्या झाडांना एखाद्या शरदात फळांचा बहर येतो. पुढच्या उन्हाळ्यात उंदीर माजतात. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जिवाणूवाल्या निम्फ वाढतात. म्हणजे यंदा कुणाला लाइम होईल याची बीजे परवाच्या वर्षीच्या ओकखाली सापडतात. रानात प्राण्यांची विविधता जास्त असेल तर गोचिडी जिवाणू न देणाऱ्या प्राण्यांवरही वाटल्या जातात आणि धोका विरळ होतो, असेही याच गटाचे प्रतिपादन आहे. त्यावर तज्ज्ञांत जोरदार वाद आहे आणि दोन्ही बाजू मी पुढे मांडल्या आहेत. कॅलिफोर्नियातला एक प्रयोग इथेच सांगतो. तिथल्या कुंपणावरच्या सरड्याच्या रक्तात जिवाणू मरतो. मग सरडे काढून टाकले तर रोगाचा धोका वाढायला हवा. २०११ च्या अभ्यासात काही रानपट्ट्यांतून खरोखरच सरडे हलवले गेले, आणि निम्फ कमी झाल्या. सरड्यांवर जगणाऱ्या बहुतेक लार्व्हांना दुसरे यजमान मिळालेच नाहीत. त्या उपाशी मेल्या. कागदावरच्या साखळीला रान बांधील नसते, हे यातून शिकावे.

मग हा जुना व्यवहार विसाव्या शतकातच का उसळला? न्यू इंग्लंडमधली बहुतेक जंगले एकोणिसाव्या शतकापर्यंत शेतीसाठी साफ झाली होती. हरणे शिकारीने संपत आली, लांडगे तर संपलेच. मग शेतकरी पश्चिमेकडे आणि शहरांकडे गेले, पडीक शेतांवर रान परत आले, हरणे परतली. लांडगे आले नाहीत. या तरुण रानाच्या कडेकडेने मोटारवाल्या मध्यमवर्गाने घरे बांधली. मागे हिरवळ, हिरवळीपलीकडे पाचोळा, पाचोळ्यात उंदीर. जिवाणूत काही नवे घडले नव्हते. येलच्या संशोधकांनी त्याच्या जनुकांचा जो वंशवृक्ष मांडला, त्यावरून तो उत्तर अमेरिकेत हजारो वर्षे आहे. लाइम हे गाव तर कालचे.

माणसाच्या अंगात गेल्यावर काय होते, हा भाग डॉक्टर वाचकांसाठी विस्ताराने लिहिला आहे. इतरांना एवढे पुरे : बहुतेक रुग्णांना चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत पसरणारा चट्टा उठतो, दुर्लक्ष झाले तर काही आठवड्यांत चेहऱ्याचा पक्षाघात किंवा हृदयाच्या ठोक्यांत अडथळा आणि काही महिन्यांत गुडघ्याची सूज येऊ शकते. सुरुवातीलाच डॉक्सिसायक्लिनसारखे साधे प्रतिजैविक दिले तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. रक्ततपासणी मात्र पहिल्या काही दिवसांत फसवते, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. चट्टा असेल तर तपासणीची वाट पाहत नाहीत. उपचारांनंतरही काहींना महिनोन्‌महिने थकवा आणि अंगदुखी राहते. त्यांचे दुखणे खरे आहे. पण त्यावर प्रतिजैविके लांबवून टिकाऊ गुण येत नाही, असे काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत दिसले आहे.

साखळी तोडण्याच्या प्रयत्नांत सर्वांत कल्पक होती ती लस. १९९८ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेली लाइमरिक्स ही लस ओस्प-ए विरुद्ध प्रतिपिंडे तयार करायची. म्हणजे लस घेतलेल्या माणसाचे रक्त गोचिडीच्या पोटात गेले की जिवाणू तिथेच मरायचा, माणसाच्या अंगात यायच्या आधी. तीन मात्रांनंतर तिचा परिणाम ७६ टक्क्यांपर्यंत होता. सांधेदुखीची भीती, खटले आणि घटती मागणी यांमुळे कंपनीने ती २००२ मध्ये मागे घेतली. लशीने सांधेदुखी वाढते असा पुरावा औषध प्रशासनाला मिळाला नव्हता. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या २४ वस्त्यांत परसदारी गोचिडी मारणाऱ्या बुरशीची फवारणी आणि उंदरांसाठी औषधी पेट्या, असा मोठा प्रयोग झाला. २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले : गोचिडी जवळपास निम्म्या झाल्या, माणसांचे आजार मात्र कमी झाले नाहीत.

हे मराठीत कशासाठी, असे कुणी विचारेल. एक कारण घरातले आहे. न्यू जर्सी, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्समध्ये हजारो मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्याकडे इकडून आई-बाबा जातात ते बहुधा मे ते ऑगस्टमध्ये, निम्फांच्या ऐन हंगामात, आणि सकाळी परसात तण काढत बसतात. पाठ्यपुस्तकांतल्या लाल चट्ट्याचे फोटो गोऱ्या कातडीचे असतात. सावळ्या कातडीवर तो जांभळट, कळकट दिसतो आणि निदान लांबते. दुसरे कारण सिंधुदुर्गातले. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला माकडताप २०१५-१६ पासून गोव्यातल्या सत्तरीच्या आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या काजूबागांत पोचला. त्याचा कारक विषाणू आहे, गोचीड वेगळी आहे, माकडे उंदरासारखी ठणठणीत न राहता मरतात. पण मांडणी ओळखीची : निम्फ माणसाला चावते, रानात चरणारी गुरे प्रौढ गोचिडींना पोसतात आणि स्वतः रोग पसरवत नाहीत, आणि रानाच्या तुटक्या कडेला माणूस कामाला जातो. लाइमचे गणित नीट समजलेल्या माणसाला दोडामार्गात कोणते प्रश्न विचारायचे ते कळते. शेवटचे प्रकरण त्या प्रश्नांचे आहे.

पुस्तक क्रमानेच वाचावे असा आग्रह नाही. घाई असेल त्यांनी गोचिडीचे आणि उपचारांचे प्रकरण आधी वाचावे. आणि तेवढेही झाले नाही, तर रानातून, बागेतून, गवतातून घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांमागची बाजू, कानामागे आणि केसांत हात फिरवून पाहावे. गोचीड सापडली तर तिच्यावर रॉकेल ओतू नये, काडी लावू नये, बोटांनी चिरडू नये. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून, न पिळता सरळ वर ओढून काढावी, जागा साबणाने धुवावी आणि तारीख लिहून ठेवावी. पुढच्या महिन्याभरात ताप आला किंवा चट्टा उठला, तर डॉक्टरांना ती तारीख आधी सांगावी.